मुलगी हॉकीत पुढं जाईल का? ग्वाल्हेरच्या एका कुटुंबाला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणारं कुटुंब, मुलगी तेरा वर्षांची, आठवीत. दोन वर्षांपासून शाळेच्या मुरमाच्या मैदानावर हॉकी खेळते. सर म्हणतात, कंपू भागातल्या हॉकी अकादमीच्या ट्रायलला, म्हणजे निवड चाचणीला न्या. वडिलांना विचारायचंय की भारताकडून खेळणं हे करिअर म्हणून धरता येतं का, आणि नाही जमलं तर हातात काय राहतं. आईचा प्रश्न एका ओळीचा आहे: दहावीचं काय?

करिअर म्हणून हॉकी जरूर धरता येते. फक्त ‘भारताकडून खेळणं’ एवढंच करिअर धरलंत तर हिशेब चुकेल. भारताच्या संघात १८ जणी जातात, ऑलिंपिकला १६. त्यांच्यामागं राष्ट्रीय शिबिरात तीस-चाळीस मुली असतात. संपूर्ण देशातून एवढ्याच. मात्र या टोकाखाली राज्य संघ, विद्यापीठ, रेल्वे, पोलीस दलं, बँका आणि तेल कंपन्यांचे संघ असा मोठा मजला आहे. हॉकीवर ज्यांचं घर चालतं त्यातले बहुतेक खेळाडू या मजल्यावर असतात. मुलीला तिथपर्यंत नीट पोहोचवणं हे कुटुंबाचं काम. वरची पायरी तिचा खेळ, तिचं शरीर आणि थोडं नशीब ठरवतील.

गाव सोडावं लागेल का, असंही विचारलंय. या बाबतीत ग्वाल्हेर नशीबवान आहे. मध्य प्रदेश शासनाची महिला हॉकी अकादमी २००६ पासून इथंच, कंपूला आहे. मुलांची अकादमी भोपाळला. म्हणजे मणिपूर, उत्तर प्रदेश, छत्तीसगढच्या मुली घर सोडून जिथं येतात, ते ठिकाण तुमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर. २०२२ च्या ज्युनियर विश्वचषकात भारत चौथा आला, त्या संघाची उपकर्णधार इशिका चौधरी ग्वाल्हेरचीच. पुरुष संघाच्या प्रशिक्षक ताफ्यातले शिवेंद्र सिंगही इथलेच. आणि ज्यांच्या नावाच्या स्टेडियमवर २४ फेब्रुवारी २०१० ला सचिननं दोनशे केले, ते कॅप्टन रूपसिंग हॉकीचे. ध्यानचंदांचे धाकटे भाऊ. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेवर २४-१ नं मात केली, त्यातले दहा गोल त्यांचे. पुढं ग्वाल्हेर संस्थानच्या फौजेत होते. गावातल्या पोरांना विचाराल तर स्टेडियम क्रिकेटचंच, ते सोडा.

आता ट्रायल. पालकांचा समज असा की जी मुलगी चेंडू घेऊन चार जणींना चकवते ती निवडली जाते. निवडणारा बघतो वेगळंच. पंधरा मीटरवरून जोरात पुश केलेला, म्हणजे स्टिकनं ढकललेला चेंडू तिच्या स्टिकवर आल्यावर तो मरतो की उसळतो, हे पहिलं. तेराव्या वर्षी वेग कमी असला तर वाढवता येतो, ताकद तर येतेच. पहिला टच कच्चा असेल तर मात्र वरच्या पातळीवर तिला दुसरा टच करायला वेळच मिळत नाही.

मुरमाच्या मैदानावर खेळलेल्या मुलींची एक ठरलेली चूक असते. मुरमावर चेंडू उडतो, म्हणून त्या स्टिक जमिनीपासून बोटभर वर धरून वाट बघतात. टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, पाणी मारलेलं असतं, चेंडू उडत नाही, घसरत येतो, आणि अपेक्षेपेक्षा लवकर येतो. तो स्टिकखालून निघून जातो. असं दोनदा झालं की मुलगी घाबरते, दोन्ही हातांनी स्टिक आवळते, आणि मग चेंडू स्टिकवर आपटून दोन मीटर पुढं जातो. ट्रायल तिथंच गेली.

यावर उपाय महिन्याभराचा आहे आणि फुकटचा आहे. डावा हात वर, उजवा हात स्टिकच्या मध्यावर, आणि उजवा हात सैल. गुडघे वाकलेले. स्टिकची मूठ किंचित पुढं झुकलेली, म्हणजे चेंडू स्टिक आणि जमीन यांच्यातल्या कोनात अडकतो. चेंडू घ्यायचा उजव्या पावलाच्या थोडा पुढं. पायात आला तर पुढची हालचाल बंद. गच्चीवर किंवा सिमेंटच्या बास्केटबॉल कोर्टवर फरशी ओली करायची, भिंतीपासून पाच मीटरवर उभं राहायचं आणि रोज दोनशे पुश मारून परत घ्यायचे. स्टिक पूर्ण वेळ जमिनीला टेकलेली हवी. पहिले शंभर समोरून, पुढचे पन्नास रिव्हर्सनं, म्हणजे स्टिक उलटी वळवून डाव्या बाजूला. शेवटच्या पन्नासात मागं भावंडाला उभं करा आणि त्यानं हातानं दाखवलेली बोटं चेंडू यायच्या आधी खांद्यावरून बघून मोठ्यानं सांगायला लावा. ही शेवटची सवय ट्रायलमध्ये उठून दिसते, कारण बाकीच्या मुलींचे डोळे चेंडूलाच चिकटलेले असतात.

दुसरी गोष्ट बघतात ती चेंडू हरवल्यावरची. चेंडू गेला की मुलगी थांबते, कमरेवर हात ठेवते, की वळून पाच पावलं जोरात मागं धावते? ते शिकवायला अवघड असतं, म्हणून निवड करणारे त्याला जास्त गुण देतात. आणि कृपा करून कुंपणाच्या बाहेरून ‘मार, मार’ असं ओरडू नका. मुलगी प्रशिक्षकाकडं बघायचं सोडून तुमच्याकडं बघते, आणि ते सगळ्यांना दिसतं.

कागद: जन्माचा दाखला, आधार, शाळेची गुणपत्रिका, मूल निवासी (म्हणजे रहिवासी) प्रमाणपत्र, फोटो. जन्मतारीख सगळीकडे एकच हवी, स्पेलिंगसुद्धा. कोणी ‘दोन वर्षं कमी लिहा, सब-ज्युनियरला चालून जाईल’ असा सल्ला दिला तर हात जोडा आणि निघा. मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय काढतात, त्यात मुलगी अडकली तर बंदी तिच्यावर येते, सल्ला देणाऱ्यावर नाही.

स्टिकबद्दल विचारलंय. नातेवाइकांनी वीस हजारांची स्टिक भेट देण्याचं कबूल केलंय म्हणे. नको. नियमानं स्टिक जास्तीत जास्त ७३७ ग्रॅमची आणि १०५ सेंटिमीटर लांब, वाक २५ मिलिमीटरपर्यंत. महागड्या स्टिकमध्ये कार्बन नव्वद टक्क्यांच्या वर आणि वाक खाली, टोकाकडे असतो. ती ड्रॅग फ्लिकसाठी, म्हणजे चेंडू स्टिकवर ओढत नेऊन गोलवर फेकण्यासाठी केलेली असते. एवढी ताठ स्टिक चेंडूचा धक्का शोषत नाही, त्यामुळं पहिला टच आणखी बिघडतो. पाच फुटांच्या मुलीला ३५ किंवा ३६ इंची, वीस-तीस टक्के कार्बनची, मधल्या वाकाची, सव्वापाचशे-साडेपाचशे ग्रॅमची कंपोझिट स्टिक पुरे. जालंधरची घ्या, तिथल्या कारागिरांचा हा पिढीजात धंदा आहे. उभी धरली तर मूठ कमरेच्या हाडाशी यायला हवी. टर्फवर टोकाची कड घासते, तिथं टेप लावून दर पंधरवड्याला बदला. स्टिकपेक्षा बुटांवर खर्च करा: टर्फचे, बारीक बारीक रबरी खुंट्या असलेले. फुटबॉलचे स्टड घालून टर्फवर वळलं की पाय रुततो आणि गुडघा फिरतो. शिनगार्ड आणि माउथगार्ड पहिल्या दिवसापासून. चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा, दगडासारखा कडक, आणि दुधाचे दात पडून गेलेत, हे ध्यानात असू द्या.

निवड झाली की पुढची शिडी अशी चालते. राज्य संघटनेमार्फत हॉकी इंडियाकडे नोंदणी होऊन खेळाडूचा क्रमांक मिळतो. सब-ज्युनियर म्हणजे सोळाखाली, ज्युनियर म्हणजे एकोणीसखाली, मग सीनियर. सब-ज्युनियर आणि ज्युनियरच्या राष्ट्रीय स्पर्धा राज्यांच्या वेगळ्या आणि अकादम्यांच्या वेगळ्या होतात. शिवाय शालेय राष्ट्रीय आणि खेलो इंडिया युवा. खेलो इंडियात निवड झालेल्या खेळाडूमागं सरकार वर्षाला ६.२८ लाख खर्च धरतं. त्यातले महिना १०,००० हातखर्चाचे थेट खेळाडूला, बाकी प्रशिक्षण, राहणं, खाणं, साहित्य यांत जातात. ज्युनियर राष्ट्रीयमधून डोळ्यात भरलेल्या मुली भारताच्या ज्युनियर शिबिरात जातात. ज्युनियर विश्वचषक एकवीसखालचा असतो आणि आता दर दोन वर्षांनी होतो. सीनियर संघात येणाऱ्या बहुतेक मुली याच वाटेनं येतात. म्हणजे खिडकी तेरा ते एकवीस. एकविसाव्या वर्षापर्यंत राष्ट्रीय शिबिराचं बोलावणं नसेल तर दार बंद झालं असं नाही, पण अरुंद नक्की झालं.

राष्ट्रीय शिबिर बहुतेक बंगळुरूच्या साई (भारतीय क्रीडा प्राधिकरण) केंद्रात असतं. तिथलं आयुष्य बाहेरून वाटतं तितकं झगझगीत नाही. सकाळी टर्फ, दुपारी जिम किंवा व्हिडिओ, संध्याकाळी परत टर्फ. पाठीवर जीपीएस असतं, त्यामुळं कोण किती आणि कुठल्या वेगानं धावलं हे प्रशिक्षकांच्या लॅपटॉपवर दिसतं. सामना पंधरा मिनिटांच्या चार भागांचा. बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात, म्हणून पुढच्या फळीतल्या मुली पाच-सहा मिनिटं जीव तोडून धावतात, बाहेर येतात, परत जातात. पूर्वीची ‘सत्तर मिनिटं दम धरायचा’ ही हॉकी गेली. आता वीस मीटरची धाव परत परत, तेवढ्याच वेगानं मारता येणं हा दम. तुमच्या मुलीला सर रोज पाच किलोमीटर जॉगिंग करायला लावत असतील तर नम्रपणे विचारा, कशासाठी?

पेनल्टी कॉर्नरवर, म्हणजे बचावाच्या चुकीवर मिळणाऱ्या गोलच्या संधीवर, थोडं सविस्तर, कारण मुलीला ड्रॅग फ्लिकर व्हायचंय असं लिहिलंय. चेंडू गोलपोस्टपासून दहा मीटरवरून आत ढकलतात, डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलाच्या बाहेर थांबवतात, मग गोलवर. बचावाला गोलकीपर धरून पाच जणी. पहिला फटका सरळ हिट असेल तर ४६० मिलिमीटरच्या, म्हणजे गोलच्या तळाशी लावलेल्या फळीच्या उंचीच्या वर जाऊ शकत नाही. फ्लिकला ही अट नाही, म्हणून फ्लिकर मौल्यवान. पण फ्लिक हाताची नसते. शेवटच्या पावलात डावा पाय चेंडूच्या बराच पुढं पडतो, चेंडू स्टिकच्या दांड्यावर मागून उचलला जातो, मग कंबर आधी फिरते, खांदे नंतर, मनगट सर्वांत शेवटी. चेंडू स्टिकवर जितका लांब ओढला जाईल तितका वेग. या सगळ्यात कमरेचे मणके वाकलेल्या अवस्थेत पिळले जातात. वाढत्या वयात रोज शंभर फ्लिक मारणाऱ्या मुलींच्या कमरेच्या हाडाला बारीक चीर जाते, आणि क्रिकेटमधल्या वेगवान गोलंदाजांसारखं सहा महिने बसून काढावे लागतात. सोळापर्यंत आठवड्याला तीन दिवस, दिवसाला तीस-चाळीस, त्याहून जास्त नाही. मागं वाकल्यावर कमरेत एका बाजूला टोचतंय असं ती म्हणाली तर बाम चोळू नका, थेट हाडांच्या डॉक्टरकडे.

शरीराबद्दल जे बोललं जात नाही ते बोलतो. मुलींच्या हॉकीत सर्वांत जास्त कारकिर्दी गुडघ्यानं आणि रक्तानं अडवल्या. गुडघा: पळता पळता थांबून वळताना गुडघा आत कोसळतो आणि लिगामेंट तुटतं. एका पायावर उतरणं, एका पायावर बसणं-उठणं, मांडीच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम, आठवड्यातून तीनदा पंधरा मिनिटं केले तर धोका बराच कमी होतो. कंटाळवाणे असतात म्हणून टाळले जातात. रक्त: हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे तिला दम लागणारच, मग सर म्हणतात आळशी आहे. वर्षातून दोनदा तपासा, फेरिटिनसकट (शरीरातला लोहाचा साठा). पाळी तीन महिने आली नाही तर ‘खेळामुळं होतं’ म्हणून सोडून देऊ नका. ती खाते त्यापेक्षा जास्त जाळतेय याची ती खूण आहे, आणि पुढं हाडं ठिसूळ होतात.

तुमचं घर शाकाहारी आहे असं लिहिलंय. अडत नाही, पण वरण-भात-तूप एवढ्यावर भागणार नाही. पंचेचाळीस किलोच्या मुलीला दिवसाला सत्तर ग्रॅमच्या आसपास प्रथिनं हवीत. सकाळी मोड आलेल्या मटकीची उसळ, दुपारी वरण घट्ट आणि वाटीऐवजी वाडगाभर, सरावानंतर अर्ध्या तासात दूध-केळं, संध्याकाळी पनीर किंवा भाजणीचं थालीपीठ दह्याबरोबर, येता-जाता शेंगदाणे-गूळ. उसळीवर लिंबू पिळा, लोह अंगी लागतं. जेवणानंतर लगेच चहा नको, तो तेच लोह अडवतो. मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, तेव्हा साध्या पाण्यानं पोट डुचमळतं पण मीठ भरून निघत नाही. सरावाच्या बाटलीत लिंबू, साखर, मीठ. जानेवारीत उलट: धुक्यात चेंडू दिसत नाही आणि गार स्नायू फाटतात, म्हणून वॉर्म-अप वीस मिनिटांचा, दहाचा नाही.

गोलकीपिंगचा विचार केलाय का? इंदूरजवळच्या महूचे शंकर लक्ष्मण गोलकीपर होते आणि भारताचे कर्णधारही. १९५६ आणि १९६४ चं ऑलिंपिक सुवर्ण त्यांच्या गळ्यात होतं. या जागेला स्पर्धा कमी, कारकीर्द लांब. मात्र संघात जागा दोनच, आणि पहिली गोलकीपर फिट असेपर्यंत दुसरी बाकावर.

पैसा. महिला हॉकी इंडिया लीग जानेवारी २०२५ मध्ये रांचीत पहिल्यांदा झाली. तिच्या लिलावात सर्वांत महाग भारतीय खेळाडू उदिता, ३२ लाख. पायाभूत किमती दहा, पाच आणि दोन लाख अशा होत्या, आणि तरुण मुली बहुतेक खालच्या पायरीवर. हा पैसा चांगला आहे, पण तो एका मोसमाचा. संघाची स्थितीही वरखाली होते. टोकियोत चौथ्या आलेल्या याच संघाला जानेवारी २०२४ मध्ये रांचीत जपाननं १-० नं हरवलं आणि पॅरिसचं ऑलिंपिक हुकलं. एका गोलानं चार वर्षांचं नियोजन बदलतं. म्हणून नोकरी.

महिला हॉकीत नोकरी म्हटलं की पहिलं नाव रेल्वेचं. राष्ट्रीय स्पर्धेत पदक असेल तर भरतीचं दार उघडतं, भारताकडून खेळली असेल तर वरच्या वेतनश्रेणीत. वय साधारण अठरा ते पंचवीस. त्यानंतर ती रेल्वेच्या संघाकडून खेळते. राज्य शासनाचा एकलव्य पुरस्कार लहान वयातल्यांना, विक्रम पुरस्कार मोठ्यांना. विक्रम मिळालेल्यांना शासकीय नोकरीत सामावून घेण्याची तरतूद आहे. इथं बारावी पास असणं कामी येतं, पदवी असेल तर आणखी. कमी शिकलेल्या चांगल्या खेळाडू खालच्या पदावर चिकटतात आणि खेळ संपल्यावर, म्हणजे तिशीत, तिथंच राहतात.

म्हणून आईंच्या प्रश्नाचं उत्तर: दहावी सोडायची नाही, साठ-पासष्ट टक्के पुरेत, नव्वदीचा हट्ट मात्र घरानं सोडायचा. अकादमीतल्या मुली शाळेत जातात, पण स्पर्धांचा मोसम आणि सहामाही परीक्षा एकमेकांवर येतात. वर्षाच्या सुरुवातीलाच शाळेला स्पर्धांच्या तारखा लेखी द्या. बोर्डाच्या परीक्षेच्या महिन्यात एखादी निमंत्रितांची स्पर्धा सोडली तर काही बिघडत नाही, राष्ट्रीय सोडू नका. बारावीनंतर खेळ कमी पडतोय असं दिसलं तर तुमच्याच गावात लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था आहे, १९५७ पासूनची. तिथली शारीरिक शिक्षणाची पदवी, पुढं पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षकाचा डिप्लोमा, ही वाट हॉकीतच राहते. पंच आणि फिजिओ हेही त्याच मैदानातले.

शेवटी एक फाइल करा, आजच. खेळाडू कोट्याच्या भरतीत प्रमाणपत्र ठरलेल्या नमुन्यात मागतात: आंतरराष्ट्रीय स्पर्धेला फॉर्म १, राज्याकडून राष्ट्रीय खेळल्याचा फॉर्म २, आंतरविद्यापीठ फॉर्म ३, शालेय राष्ट्रीय फॉर्म ४. सहीचे अधिकारी प्रत्येकाचे वेगळे. स्पर्धेचं रंगीत प्रमाणपत्र भिंतीवर शोभतं, भरतीला ते एकटं चालत नाही. फॉर्मवर सही स्पर्धेनंतर महिन्याभरात घेतली तर सोपी असते. पाच वर्षांनी पदाधिकारी बदललेले असतात, रजिस्टर सापडत नाही, आणि पदक घरात असून मुलगी अर्जाच्या छाननीत बाद होते.

ट्रायलच्या दिवशी अर्धा तास आधी पोहोचा, बूट जुने आणि पायात बसलेले असू द्या, आणि जर्सीवर नंबर ठळक लिहा. निवडणाऱ्याच्या वहीत नाव नसतं, नंबर असतो.